जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

एखादें यंत्र जुनें झालें म्हणजे तें मोडींत काढावें, कीं त्याचा एखादा भाग बदलून तें पुन्हां कामास लावावें, हा प्रश्न पूर्वीं शिवणयंत्र, सायकल आणि विहिरीवरील पंप यांच्याविषयीं विचारला जात असे. आतां तोच प्रश्न मुलांच्या टेबलावरील संगणकाविषयीं घरोघरीं विचारला जाऊं लागला आहे. त्यांतून तो संगणक खेळांसाठीं म्हणून घेतलेला असला, तर या प्रश्नापायीं घरांत बराच वादही होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, नवे खेळ अडखळत चालतात, नवा प्रोसेसर घेऊन द्या." वडील म्हणतात, "सात वर्षांपूर्वीं तुझ्या दादासाठीं एवढे पैसे घातले, ते काय वायां गेले?" आई म्हणते, "दहावीची परीक्षा होऊं दे, मग बघूं." मुलाजवळ उत्साह असतो, पण पुरावा नसतो. वडिलांजवळ व्यवहार असतो, पण या यंत्राची माहिती नसते. अखेर ज्याचा आग्रह मोठा त्याच्या बाजूनें निकाल लागतो, आणि पुष्कळदां पैसाही जातो व खेळही पूर्वींइतकाच अडखळत राहतो.

या वादाचा निकाल आग्रहानें लागूं नये, आंकड्यांनीं लागावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या संगणकावर एक रुपयाही घालण्यापूर्वीं त्याची गति नेमकी कोठें अडते हें मोजून पाहावें. तें मोजण्याचें काम ज्याची मागणी असेल त्या विद्यार्थ्यानें स्वतः करावें. आणि त्यानें मांडलेले आंकडे पालकांनीं शांतपणें ऐकून घ्यावे. एवढें झालें तर कोणता प्रोसेसर व किती मेमरी घ्यावी, किंवा मुळींच कांहीं घेऊं नये, हें ठरविणें फारसें अवघड नाहीं. तें कसें, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम यंत्राच्या आंत काय चालतें तें पाहूं. लग्नाची मोठी पंगत डोळ्यांपुढें आणावी. मुदपाकखान्यांत आचारी पदार्थ तयार करितो, वाढपी ते पानोपानीं नेऊन वाढतो, हाताशीं लागणारें सामान ओट्यावर मांडलेलें असतें, आणि बाकीचें कोठीच्या खोलींत असतें. संगणकांत प्रोसेसर हा आचारी होय. खेळांतील मोटार कोठें आहे, चेंडू कोणीकडे उडाला, प्रतिस्पर्धी काय करणार, हा सर्व हिशेब तो करितो, आणि काय काय रंगवावयाचें याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हातीं देतो. तें कार्ड म्हणजे वाढपी. तें चित्र रंगवून पडद्यावर पाठवितें. मेमरी, जिला बाजारांत रॅम म्हणतात, ती ओट्याच्या जागीं आहे, आणि डिस्क ही कोठी. आतां आचारीच सावकाश असेल, तर दहा वाढपी नवे आणले तरी ते हात जोडून उभे राहतील. वाढपी थकलेला असेल, तर आचारी कितीही चपळ आणला तरी पातेलीं भरून तशींच पडतील. आणि ओटा अपुरा असेल, तर दोघेही कोठीच्या वाटेकडे डोळे लावून बसतील.

हें वाट पाहणें किती सूक्ष्म काळांत घडतें तें ध्यानीं घेण्यासारखें आहे. पडद्यावर दर सेकंदास ६० चित्रें यावयाचीं असतील, तर प्रत्येक चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १४४ चित्रांचा असेल, तर केवळ ६.९ मिलिसेकंद. तेवढ्या अवधींत आचाऱ्याचें आणि वाढप्याचें, दोघांचेंही काम उरकलें पाहिजे. शिवाय नुसत्या सरासरीवर विसंबून चालत नाहीं. समजा, एका सेकंदांत ५९ चित्रें प्रत्येकीं १० मिलिसेकंदांत आलीं आणि साठाव्या चित्रास ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १००० होते, आणि सरासरी ६० चित्रें अशी उत्तम दिसते. पण खेळणाऱ्यास जवळजवळ अर्धा सेकंद पडदा थिजलेला दिसतो. म्हणून ज्याला मोजावयाचें आहे त्यानें सरासरीबरोबर सर्वांत मंद चित्रांची गतीही पाहावी. बहुतेक मोजणाऱ्या आज्ञावली "सर्वांत खालचा एक टक्का" या नांवाखालीं ती दाखवितात.

आतां दोष कोठें आहे तें कसें ओळखावें? याची परीक्षा फुकट होते. जो खेळ अडखळतो तो चालूं करून त्याची गति एका कागदावर टिपावी. नंतर त्याच खेळांत पडद्याची सूक्ष्मता १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावी. पहिल्या चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात, दुसऱ्यांत ९,२१,६००. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचें रंगविण्याचें काम निम्म्याहूनही कमी झालें. प्रोसेसरचें काम मात्र जवळजवळ तेवढेंच राहिलें. असें केल्यावर गति एकदम वाढली, तर कार्ड थकलेलें आहे असें समजावें. नवा प्रोसेसर घेऊन कांहीं लाभ नाहीं. गति होती तेवढीच राहिली, तर अडचण प्रोसेसर किंवा मेमरी यांच्याकडे आहे. हें न पाहतां दुकानाची वाट धरणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार होय.

दुसरी परीक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबून उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्यें होते. खेळ चालूं असतां ग्राफिक्स कार्डाचा आंकडा सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर तें आपली पराकाष्ठा करीत आहे. तो ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल आणि खेळ तरीही मंद असेल, तर कोणीतरी त्याला ताटकळत ठेवीत आहे. येथें एक गोष्ट सांभाळावी. प्रोसेसरचा एकूण आंकडा ५० टक्के दिसला म्हणून प्रोसेसर निवांत आहे असें मानूं नये. सहा आचाऱ्यांपैकीं एकटा मुख्य आचारी घामाघूम झालेला असतो आणि बाकीचे भाजी चिरून रिकामे बसलेले असतात. सरासरी काढली तर ती कमीच भरते. मेमरीचा आंकडा मात्र सरळ असतो. खेळ अडखळण्याच्या क्षणीं ती ९० टक्क्यांहून अधिक भरलेली असून त्याच वेळीं डिस्कची धांवपळ चाललेली दिसली, तर ओटा अपुरा पडत आहे हें निश्चित.

कांहीं उणिवा पैशावांचून दूर होतात, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. देशावरील घरांत उन्हाळ्याची धूळ आणि कोंकणांतील घरांत दमट हवेनें चिकटलेली जळमटें पंख्यांच्या पात्यांवर सांचतात. हवा खेळेनाशी झाली म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि तापला म्हणजे स्वतःचें रक्षण करण्याकरितां आपली गति आपणच कमी करितो. वीज बंद करून, मऊ ब्रशनें धूळ झाडून, प्रोसेसर आणि त्याचा कूलर यांच्यामधील वाळलेला थर्मल पेस्टचा लेप नवा केला, तर कित्येक यंत्रें पुन्हां जोमानें चालूं लागतात. दुसरें असें कीं, रॅमच्या स्टिकवर ३२०० हा वेग छापलेला असला, तरी पुष्कळ मदरबोर्ड ती आपण होऊन २१३३ किंवा २४०० याच वेगानें चालवितात. यंत्र सुरूं होतांना बायोसमध्यें जाऊन एक्स.एम.पी. नांवाची सोय चालूं केली म्हणजेच छापील वेग मिळतो. दोन स्टिक असतील तर त्या योग्य खांचांत बसविल्या आहेत कीं नाहीं हें मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत पाहावें; चार खांचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खांच ही जोडीची असते. १४४ चित्रांचा मॉनिटर घेऊन तो कित्येक महिने ६० वरच चालविणारींही मुलें आढळतात! या चार गोष्टी पाहिल्याखेरीज कोणत्याही विद्यार्थ्यानें पैशाची मागणी करूं नये.

एवढें करूनही उणीव राहिलीच, तर मग खरेदीचा विचार. त्यांत मेमरीचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधीं घेऊं.

मेमरी घेतांना पहिला प्रश्न किती हा, आणि दुसरा कोणती हा. आजच्या नव्या खेळांस ८ गिगाबाइट पुरत नाहींत. १६ असल्या म्हणजे बहुतेक काम निभतें. ३२ या चैनीच्या नव्हेत, पण ज्याला त्याच यंत्रावर चित्रफिती जुळविणें किंवा नगररचनेसारखे मोठे खेळ चालविणें आहे त्यानेंच त्यांचा विचार करावा. यंत्रांत ८ गिगाबाइटची एकच स्टिक असेल, तर तिच्याच जातीची दुसरी जोडल्यानें दुहेरी लाभ होतो. ओटा दुप्पट होतो, आणि त्याबरोबर येण्याजाण्याची वाटही दुप्पट रुंद होते. ३२०० वेगाची एक डी.डी.आर. ४ स्टिक सेकंदास २५.६ गिगाबाइट माहिती नेआण करूं शकते, आणि दोन स्टिक जोडीनें ५१.२. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदास सुमारें १५० मेगाबाइट देते, म्हणजे ती या जोडीच्या तीनशेंपटीहूनही मंद ठरली. ओटा भरून कोठीकडे धांवावें लागतें तेव्हां खेळ कां थिजतो, हें यावरून उमजेल. ज्यांच्या यंत्रांत अद्याप तसली डिस्कच आहे, त्यांनीं सर्वांआधीं एस.एस.डी. घ्यावी, असेंही आम्ही सुचवितों.

डी.डी.आर. ३, ४ आणि ५ या मेमरीच्या तीन पिढ्या एकमेकींच्या जागीं बसत नाहींत. त्यांच्या कडेची खांच मुद्दामच निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलेली असते. म्हणून आपला बोर्ड कोणत्या पिढीचा आहे हें ठाऊक असल्यावांचून दुकानांत पाऊल ठेवूं नये. वेगाच्या आंकड्यांनींही पुष्कळ जण फसतात. मेमरीला माहिती मागितल्यापासून ती येऊं लागेपर्यंत जो वेळ लागतो तो काढण्याचें सोपें गणित असें आहे: स्टिकवर सी.एल. म्हणून जो अंक असतो त्यास २००० नें गुणावें आणि वेगाच्या अंकानें भागावें. उत्तर नॅनोसेकंदांत येतें. ३२०० वेग आणि सी.एल. १६ असल्यास उत्तर १०. ३६०० आणि १८ असल्यास १०. ६००० वेगाच्या डी.डी.आर. ५ मेमरीचा सी.एल. ३० असल्यासही १०! परंतु ३२०० वेगाच्याच एखाद्या स्टिकचा सी.एल. २२ असेल, तर उत्तर १३.७५ येतें. नव्या पिढीची वाट अधिक रुंद असते यांत शंका नाहीं. पण उत्तर मिळण्यास लागणारा वेळ मोठ्या आंकड्यानें आपोआप कमी होत नाहीं. आठवीच्या विद्यार्थ्यास येणारें हें गणित करूनच स्टिक निवडावी.

मेमरीच्या भावाविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांकडून मेमरीची मागणी एवढी वाढली कीं सर्वसामान्य ग्राहकाला तिचे भाव अवाच्या सवा चढलेले दिसले. त्याच वर्षीं डिसेंबरांत मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनें क्रूशियल या नांवाखालीं सामान्य ग्राहकांस मेमरी विकण्याचा आपला धंदा बंद करण्याचें जाहीर केलें. कोठें दूरदेशीं उभी राहणारी संगणकगृहें आणि कोठें आमच्या गांवांतील मुलाचा संगणक! पण बाजार हा असा सर्वांस एका सूत्रांत बांधतो. यांतून एक व्यावहारिक धडा निघतो. आपल्या जुन्या यंत्रांत असलेली मेमरी ही आपली मिळकत आहे. ती फेंकून देऊन नव्या पिढीची घ्यावी लागेल असा मार्ग, दुसरा मार्ग उघडा असतां, धरूं नये.

आतां प्रोसेसर. येथें पहिला भ्रम असा कीं जितके कोअर अधिक तितका खेळ वेगवान. १९६७ सालीं जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञानें याविषयीं जो नियम मांडला तो विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगा आहे. समजा, एखाद्या कामाचा ४० टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागतो, आणि उरलेला ६० टक्के भाग अनेकांत वांटतां येतो. सहा जण कामास लावले तर वांटलेला भाग दहा टक्क्यांवर येतो. एकूण ५० टक्के वेळ लागतो, म्हणजे काम दुप्पट वेगानें झालें. बारा जण लावले तर एकूण ४५ टक्के वेळ लागतो, म्हणजे वेग सव्वादोनपटीहूनही किंचित् कमीच. माणसें दुप्पट झालीं, मजुरीही दुप्पट झाली, आणि लाभ एवढाच! हजार जण लावले तरी वेग अडीचपटीच्या वर जाणें शक्य नाहीं. खेळांतील बरेंचसें काम असेंच एकापाठोपाठ एक करण्याचें असतें. म्हणून खेळणाऱ्यानें प्रत्येक कोअर किती चपळ आहे आणि त्याच्या अगदीं हाताशीं असलेली कॅश मेमरी किती आहे, हें आधीं पाहावें. कोअरांची संख्या नंतर.

याचें उत्तम उदाहरण ए.एम.डी. कंपनीच्या दोन प्रोसेसरांत सांपडतें. रायझेन ५ २६०० हा एप्रिल २०१८ मध्यें आला, आणि रायझेन ५ ५६०० हा एप्रिल २०२२ मध्यें. दोहोंत कोअर सहाच, थ्रेड बाराच, आणि विजेची मर्यादाही ६५ वॉट हीच. वरवर पाहणारा म्हणेल, यांत नवें तें काय? पण पहिल्याचा कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा ४.४. पहिल्यांतील १६ मेगाबाइट कॅश ही दोन खोल्यांत आठ-आठ अशी वांटलेली, आणि तीन-तीन कोअर आपापल्या खोलींत बसलेले. दुसऱ्यांत ३२ मेगाबाइटची एकच मोठी खोली असून सहाही कोअर तिच्यांत हात घालूं शकतात. शिवाय प्रत्येक ठोक्यास होणारें कामही अधिक. त्यामुळें विजेचा खर्च न वाढतां प्रोसेसरवर अडणाऱ्या खेळांची गति लक्षांत येण्याइतकी वाढते, जुना एस.एम.पी.एस. आणि साधा कूलरही चालतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे दोन्ही प्रोसेसर एकाच ए.एम. ४ या सॉकेटांत बसतात. २०१७ सालीं या सॉकेटाचे जे पहिले बोर्ड दुकानांत आले त्यांवरही ५००० मालेचे प्रोसेसर चालविण्याची मोकळीक कंपनीनें २०२२ मध्यें दिली. म्हणजे ज्याच्या घरीं २६०० असलेला जुना बोर्ड आहे, त्यानें बोर्ड, डी.डी.आर. ४ मेमरी, डिस्क आणि पेटी सर्व तशींच ठेवून एकच भाग बदलला तरी चालतें. उलट त्यानें २०२२ च्या सप्टेंबरांत आलेल्या ए.एम. ५ या नव्या सॉकेटाकडे वळावयाचें ठरविलें, तर तेथें केवळ डी.डी.आर. ५ मेमरीच चालते. म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी हे तिन्ही भाग नवे घ्यावे लागतात. मेमरीचे भाव चढलेले असतां हा फरक एका मध्यम घराच्या महिन्याच्या खर्चाएवढाही होऊं शकतो. याच जुन्या सॉकेटासाठीं ए.एम.डी.नें एप्रिल २०२२ मध्यें ५८०० एक्स-थ्री-डी या नांवाचा ९६ मेगाबाइट कॅशचा प्रोसेसरही काढला, आणि तो खेळांत फार नांवाजला गेला. पण ज्याचें ग्राफिक्स कार्ड २०१६ सालच्या जी.टी.एक्स. १०६० सारखें मध्यम आहे त्यानें तसला प्रोसेसर घेणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

दुसऱ्या बाजूचें उदाहरण इंटेल कंपनीचें घेऊं. जानेवारी २०१७ मध्यें आलेला कोअर आय ५ ७४०० अनेक घरांत आहे. त्यांत चार कोअर आणि चारच थ्रेड. त्या बोर्डावर चढण्याची शेवटची पायरी म्हणजे त्याच महिन्यांत आलेला आय ७ ७७०० के. त्यांतही कोअर चारच, थ्रेड मात्र आठ. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सहा कोअरचा आय ५ ८४०० आला. त्याच्या खालचे संपर्कबिंदू पूर्वींइतकेच, ११५१. पण जुन्या बोर्डावर तो चालत नाहीं, त्यास ३०० मालेचा नवा बोर्ड लागतो. केवळ ११५१ हा अंक जुळला म्हणून खरेदी करणाऱ्याची येथें फसगत होते. त्यांतच विंडोज १० ची नेहमींची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ साठीं मान्य केलेल्या यादींत इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे प्रोसेसर, अगदीं थोडे अपवाद सोडल्यास, नाहींत. रायझेन ५ २६०० त्या यादींत आहे. आय ५ ७४०० आणि आय ७ ७७०० के हे दोन्ही नाहींत. तेव्हां जुना आय ७ शोधून त्यावर पैसे घालणें म्हणजे ज्या वाटेच्या शेवटीं भिंत आहे तिच्यावर फरसबंदी करणें होय. अशा घरानें सध्यां आहे त्यावरच भागवावें, ग्राफिक्सची मांडणी उतरवून खेळावें, आणि पैसे सांठवून पुढें एकदांच बोर्डासह नवा संच घ्यावा, असें आमचें मत आहे.

प्रोसेसर बदलण्याचें ठरल्यावर कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. नवा प्रोसेसर बसविण्यापूर्वीं, जुना जागेवर असतांनाच, बोर्डाचें बायोस नवें करून घ्यावें. नाहींतर नवा प्रोसेसर बसविल्यावर यंत्र त्याला ओळखणारच नाहीं. हें काम चालूं असतां वीज गेली, तर बोर्ड निकामी होण्याची भीति असते. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसतो, म्हणून यू.पी.एस. किंवा इन्व्हर्टर असल्याखेरीज हें काम हातीं घेऊं नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुने प्रोसेसर व रॅमही मिळतात. ते घेण्यास हरकत नाहीं. परंतु पावती मागून घ्यावी, आणि ए.एम. ४ च्या प्रोसेसरखालच्या बारीक पिना वांकलेल्या नाहींत ना, हें दुकानांतल्या उजेडांतच पाहावें. रॅम घरीं आणल्यावर मेमटेस्ट या आज्ञावलीनें रात्रभर तपासावी.

येथवर वाचून एखादे पालक म्हणतील, "हें सर्व ठीक, पण खेळासाठीं एवढा खटाटोप कशाला?" त्यांची शंका आम्ही हलकी मानीत नाहीं. खेळ अभ्यासावर कुरघोडी करूं लागला, तर तो बंद करण्याचा अधिकार त्यांचाच आहे, आणि त्यास प्रोसेसर हें उत्तर नव्हे. पण त्याच यंत्रावर मूल गणिताचे धडे पाहतें, प्रकल्प लिहितें, आज्ञावली रचावयास शिकतें. तें यंत्र आणखी चार वर्षें चाललें, तर त्याचा लाभ साऱ्या घरास होतो, आणि एक चांगला बोर्ड भंगारांत जाण्याचें टळतें. शिवाय ज्या मुलानें दोष शोधण्यासाठीं तीन संध्याकाळ मोजमाप केलें, तक्ता आंखला, भागाकार केले आणि अखेर स्वतःच "बाबा, प्रोसेसर नको, आठची एक रॅमच पुरे" असें सांगितलें, तें मूल जें शिकलें तें कोणत्याही शिकवणीच्या वर्गांत सहसा मिळत नाहीं.

आणि एखादा विद्यार्थी म्हणेल, "इतकी उठाठेव करण्यापेक्षां सगळाच संच नवा घेतला तर काय वाईट?" त्याला आमचें उत्तर असें कीं, ज्याला जुन्याचा दोष सांगतां येत नाहीं त्याला नव्याचा गुणही पारखतां येत नाहीं. असा ग्राहक दुकानदाराच्या हातीं आयताच सांपडतो. आमचा स्वतःचा दंडक सांगावयाचा तर तो असा: जुन्या यंत्राच्या सुधारणेचा खर्च नव्या संचाच्या एक-तृतीयांशाहून अधिक होऊं देऊं नये, आणि त्या खर्चानें निदान तीन वर्षें तरी निभावीं. या दोन कसोट्यांस न उतरणारी सुधारणा सोडून द्यावी.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या सुटींत ज्यांना आपल्या संगणकाची तक्रार करावयाची असेल त्यांनीं प्रथम एक कोरा कागद घ्यावा. त्यावर बोर्डाचें नांव, प्रोसेसरचें नांव, मेमरी किती व कोणत्या पिढीची, आणि ग्राफिक्स कार्ड कोणतें, हें लिहावें. खालीं दोन सूक्ष्मतांवरील खेळाची गति, सर्वांत मंद चित्रांचा आंकडा, आणि त्या वेळचे टास्क मॅनेजरमधील आंकडे टिपावे. सर्वांत शेवटीं आपण सुचवीत असलेला भाग, त्याची आजची किंमत, आणि तोच कां, याचें एक वाक्य लिहावें. तो कागद रात्रीं जेवणानंतर वडिलांच्या किंवा आईच्या हातीं द्यावा. पालकवर्गासही आमची एवढीच विनंती आहे कीं, तो कागद न वाचतां परत करूं नये. त्यावर "नाहीं" असें उत्तर द्यावयाचें झालें, तरी तें आंकड्यांस आंकड्यांनींच द्यावें.